आधी माणसं मोजा, मग हॉल: गेम डेव्हलपरांची पहिली प्रादेशिक परिषद भरवताना

आमच्या पहिल्या परिषदेला आम्ही दोन हॉल घेतले होते. मोठ्या परिषदांत एका वेळी अनेक सत्रं चालतात, मग आपल्याकडेही चालायला हवीत, एवढाच काय तो विचार. लोक आले ऐंशी. त्यातले चाळीसेक डेमोच्या टेबलांना चिकटलेले, तीस एका हॉलमध्ये, आणि दुसऱ्या हॉलमध्ये एक साउंड डिझायनर दिवसातलं सगळ्यात तयारीचं भाषण नऊ जणांसमोर करत होती. त्या नवांत मी, माइकवाला आणि तिचे दोन मित्र. पुढे वर्षभर लोक मला विचारत राहिले, "ते साउंडचं भाषण रेकॉर्ड केलंय का?" केलं नव्हतं.

पहिल्यांदाच आयोजनात उतरणाऱ्यांना मी म्हणूनच आधी सांगतो: एक दिवस, एक हॉल, एक वेळापत्रक. सगळ्यांनी तेच ऐकलेलं असलं की मधल्या सुट्टीत अनोळखी माणसाशीही बोलायला विषय मिळतो. प्रादेशिक परिषदेत लोक मुख्यतः त्या सुट्टीसाठी येतात, भाषण हे तिचं निमित्त.

तक्ता करा, भेटायला लागा

कामाची सुरुवात हॉलच्या चौकशीने करू नका. आपल्या परिसरात गेम बनवणारे कोण कोण आहेत याचा तक्ता करा. नाव, काम काय करतात, सध्या कशावर चालू आहे, एवढे तीन रकाने पुरेत. प्रोग्रॅमर पटकन सापडतात. ॲनिमेटर, संगीतकार, लेखक, टेस्टर यांना शोधावं लागतं, कारण यातले कित्येक जण स्वतःला गेम डेव्हलपर म्हणवतच नाहीत. मोबाइलवर पत्त्यांचे गेम करणारी मंडळी आणि सरकारी किंवा शैक्षणिक सिम्युलेशन करणारी मंडळीही अशीच यादीबाहेर राहतात. खरं तर महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन हे काम करणारी माणसं तिथेच जास्त असतात.

तक्ता झाला की महिन्यातून एकदा नुसतं भेटा, असं तीन-चार वेळा. कुणी भाषण द्यायचं नाही, लॅपटॉप आणायचा आणि चालू काम दाखवायचं. जवळपास आयजीडीएची, म्हणजे गेम डेव्हलपरांच्या १९९४ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शाखा असेल तर त्यांच्याशी बोला. २००९ पासून दर वर्षी होणाऱ्या ग्लोबल गेम जॅमचं केंद्र जवळ असेल तर ठरावीक मुदतीत जागून गेम करणारी मंडळी तिथे आयती एकत्र सापडतात. स्वयंसेवकही त्यांच्यातूनच मिळतात.

जीडीसीला, म्हणजे गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स या परिषदेला, आज सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंची गर्दी असते. पण १९८८ मधली तिची पहिली बैठक ख्रिस क्रॉफर्ड या गेम डिझायनरच्या घरी, दिवाणखान्यात झाली होती. माणसं सत्तावीसच्या आसपास. त्याच वर्षी पुढची भेट हॉटेलात घेतली, तर सव्वाशेच्या घरात लोक आले. हॉटेलाची गरज माणसं जमल्यानंतर पडली. माझा ठोकताळा असा आहे: मासिक भेटीला नेमाने तीस जण येत असतील तर ऐंशी ते शंभर जणांची परिषद झेपते. दहाच येत असतील तर परिषद पुढच्या वर्षी.

आयोजनाच्या मंडळात पाच जण पुरे. पैसे एकाकडे, वक्ते एकाकडे, जागा आणि वीज एकाकडे, डेमो एकाकडे, नोंदणी आणि निरोपानिरोपी एकाकडे. सगळ्यांनी मिळून सगळं करू असं ठरलं की शेवटी एकटाच मरतो. आणि या पाचांत ज्याचा स्वतःचा गेम परिषदेच्या आगेमागे बाजारात येणार आहे असा कुणी घेऊ नका. तो कितीही शपथा घेवो, शेवटचे तीन आठवडे तो तुमचा नसतो.

परिषद की जत्रा?

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मिटवा. गेम म्हटलं की खेळणारे येणारच: हौशे, नवशे, गवशे, वेगवेगळ्या पोशाखांत आलेले चाहते, मुलांना घेऊन आलेले पालक. ते येणं वाईट नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे. खेळाडूंसाठीच्या कार्यक्रमात गेम विकायचा असतो, डेव्हलपरांच्या परिषदेत गेम कसा फसला ते सांगायचं असतं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना कुणी आपल्या चुका उघड करत नाही. पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र करू नका. फारच आग्रह झाला तर संध्याकाळचे दोन तास डेमोची जागा सगळ्यांना खुली करा, भाषणं फक्त बनवणाऱ्यांसाठी ठेवा.

विद्यार्थ्यांचं काय, हे नेहमी विचारलं जातं. जरूर घ्या, पण जागा ठरवून. निम्म्याहून जास्त सभागृह विद्यार्थ्यांचं झालं की दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "या क्षेत्रात शिरायचं कसं?" आणि अनुभवी मंडळी जेवणानंतर गुपचूप निघून जातात.

तारीख

सहा महिने हाताशी ठेवा. जीडीसी सहसा मार्चात, कोलोनचं गेम्सकॉम ऑगस्टात, टोकियो गेम शो सप्टेंबरात. तुमच्या परिसरातले तिथे कुणीच जात नसले तरी तुम्हाला हवे असलेले वक्ते आणि प्रायोजक तिथेच असतात. याहून जास्त नडतो स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचा येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा महोत्सव. तो वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरात असतो, आणि त्याआधीच्या पंधरवड्यात स्वतंत्र डेव्हलपर माणसात नसतो. उलट नेक्स्ट फेस्ट संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी तारीख धरलीत तर लोक ताजे आकडे आणि ताजी दुःखं घेऊन येतात.

हिशोब

खर्चाचे दोन ढीग करा. पहिल्यात माणसं कितीही आली तरी लागणारा ठोक खर्च: जागा, ध्वनिव्यवस्था, वक्त्यांचा प्रवास, विमा. दुसऱ्यात माणशी वाढणारा खर्च: जेवण, चहा-पाणी, बॅज. कुठल्याही चलनात समजा, ठोक खर्च ९०,००० आहे, माणशी खर्च २५० आणि तिकीट ८५०. म्हणजे एका तिकिटामागे ६०० सुटतात, आणि ९०,००० भरून यायला १५० तिकिटं खपावी लागतात. तुमचा हॉल शंभराचा असेल तर घोडं इथेच पेंड खातं. एखाद्या प्रायोजकाने ३०,००० दिले की तोच आकडा शंभरावर येतो. हे गणित हॉलचा ॲडव्हान्स भरण्याआधी करायचं असतं. एकूण खर्चाचा दहावा भाग वेगळा काढून ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे कुणी विचारलं तर सांगू नका. सांगितलंत की टी-शर्ट छापले जातात.

तिकीट फुकट ठेवू नका. फुकट नोंदणी करणाऱ्यांतले बरेच जण येत नाहीत, आणि जेवण मात्र नोंदणीच्या आकड्यावर सांगितलेलं असतं. तिकीट अगदी माफक ठेवा आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी काही जागा माफीत द्या. माफी मागणाऱ्याकडून कारण लिहून घेऊ नका.

प्रायोजकाला काय विकायचं ते आधी ठरवा. बॅनर विका, टेबल विका, जेवणाला त्यांचं नाव द्या. व्यासपीठावरची वेळ विकू नका. एकदा आम्ही विकली होती. अर्धा तास एका जाहिरात-सेवेच्या स्लाइड चालल्या आणि मागच्या चार रांगा रिकाम्या झाल्या. त्या रांगा भरायला पुढचे दोन वक्ते खर्ची पडले.

वक्ते: इथे वेळ घालवा

नावाजलेला पाहुणा बोलावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एक बोलावा, हरकत नाही. पण लोकांच्या लक्षात राहतं ते शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने आपल्याच अडचणीबद्दल केलेलं भाषण. गंमत म्हणजे ती माणसं आपणहून प्रस्ताव पाठवत नाहीत. "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी विचारतच नाही. मासिक भेटीत कुणी काही दाखवत असेल आणि आजूबाजूचे पुढे सरकून बघत असतील, तर तेच भाषण असतं. मी तिथल्या तिथे नाव लिहून घेतो.

एका प्रोग्रॅमरने आम्हाला प्रस्ताव पाठवला होता, शीर्षक होतं "प्लॅटफॉर्मर गेम डिझाइनमधील आधुनिक प्रवाह". प्लॅटफॉर्मर म्हणजे एका कड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचा गेम. वाचून जांभई आली. फोन केला, तर तासभर तो फक्त उडीबद्दल बोलला. खेळणारे म्हणत, "मी बटण दाबलं होतं, गेमने ऐकलं नाही." लॉग पाहिले तर बटण दाबलं जात होतं कडा सोडल्यावर, एखाद-दोन फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एखाद-दोन चित्रं, उशिरा. मग त्याने कडा सुटल्यावरही सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य करायला सुरुवात केली, सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाचा दहावा भाग. या युक्तीला धंद्यात कायोटी टाइम म्हणतात, ती काही त्याचा शोध नव्हे. पण सहा का, चार का नाही, दहा केल्यावर काय बिघडलं, हे त्याच्याकडे व्हिडिओसकट होतं. भाषणाचं शीर्षक झालं "आमची उडी चार वेळा का बदलली". दिवसातले सगळ्यात जास्त प्रश्न त्यालाच आले.

प्रस्ताव मागवताना म्हणून विषय विचारू नका, तीन गोष्टी विचारा: काय अडलं होतं, काय करून पाहिलं, ऐकणारा सोमवारी कामावर जाऊन काय वेगळं करेल. निवड करताना आधी नावं झाकून वाचा, मग उघडी करून यादीकडे पुन्हा बघा. सगळे एकाच कंपनीचे, सगळे प्रोग्रॅमर, सगळे पुरुष निघाले तर आणखी चार फोन करा. ज्यांना नकार द्यायचा त्यांना दोन ओळींत कारण कळवा, पुढच्या वर्षीचे वक्ते त्यांच्यातच असतात.

भाषण पंचवीस मिनिटांचं, प्रश्न पाच मिनिटांचे. तासभराची भाषणं पहिल्या वर्षी अजिबात नकोत. दिवसभरात पाच भाषणं पुरतात, आणि दुपारच्या सुस्तीच्या वेळी आठ जणांची पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणं ठेवा. त्यासाठी टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेली पेचाकुचाची चौकटही चालते: वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, आपोआप पुढे सरकणाऱ्या. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत माणूस आपसूक संपतो. लांबण लावणाऱ्याला आवरण्याचा यापेक्षा सभ्य मार्ग मला माहीत नाही.

वक्त्यांचा प्रवासखर्च द्या. पाहुणचारात काटकसर करायची तर स्वतःच्या मंडळाच्या करा. खर्च दिला नाही की फक्त ज्यांची कंपनी पैसे देते तेच बोलतात. आणि प्रत्येक वक्त्याची रंगीत तालीम घ्या, व्हिडिओ कॉलवर का होईना. व्हिडिओचा आवाज न येणं, फॉन्ट गायब होणं, काळ्या पार्श्वभूमीवरचा करड्या अक्षरांतला कोड, हे सगळं तिथेच सापडतं.

जागा

हॉल बघायला जाताना परिषद ज्या वेळी असेल त्याच वेळी जा. दुपारी तीनला पडद्यावर खिडकीतून ऊन येतं का, शेजारी काय चालू असतं, हे सकाळी अकराला कळत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दारापासून व्यासपीठापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत एकट्याने जाऊ शकतो का, ते स्वतः चालून पाहा. मालक "हो हो, रॅम्प आहे" म्हणतो, पण तो मागच्या कुलूपबंद दाराला असतो. हॉलपेक्षाही बाहेरची मोकळी जागा मोठी हवी. गप्पा तिथे होणार आहेत.

डेमोची टेबलं

बारा टेबलं ठेवली तर चांगली रंगत येते. पण इथे वीज, वाय-फाय आणि अपडेट हे तिघे एकत्र येऊन छळतात.

आधी वीज. गेमिंग लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून अडीचशे वॉट धरा. बारा टेबलांचे तीन किलोवॉट. दाब २३० व्होल्ट असेल तर तेरा अँपिअर, १२० व्होल्ट असेल तर पंचवीस. एका सर्किटवर एवढं लादणं धोक्याचं, आणि डेस्कटॉप आले तर आकडा सहज दुप्पट होतो. हॉलच्या इलेक्ट्रिशियनला विचारा की कोणते सॉकेट कोणत्या सर्किटवर आहेत, आणि टेबलांची वाटणी त्याप्रमाणे करा. चहाची किटली डेमोच्या सर्किटवर कधीही लावू देऊ नका. आमच्याकडे लावली होती. ब्रेकर पडला तेव्हा एका मुलीच्या गेममध्ये परीक्षक शेवटच्या बॉसशी लढत होता.

वायरलेस कंट्रोलर आणले तर तारही आणा, हे निमंत्रणातच लिहा. ब्लूटूथ आणि बरंचसं वाय-फाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तिथे एकमेकांत न मिसळणारे वाय-फाय चॅनल जेमतेम तीन. शंभर फोन खिशात घेऊन माणसं शिरली की कंट्रोलर अडखळतात आणि बिचारा डेव्हलपर स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसतो.

इंटरनेट नाहीच असं धरून डेमो तयार ठेवायला सांगा. स्टीमवरून चालवणार असाल तर ऑफलाइन मोड घरीच करून बघायचा. हॉलवर येऊन पहिल्यांदा मशीन उघडलं की चार गिगाबाइटचं अपडेट सुरू होतं, आणि बाराही टेबलांवर एकाच वेळी होतं. ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट थांबवा, स्क्रीन झोपणं बंद करा, सूचनांचे आवाज बंद करा. प्लेस्टेशनवरून कॅप्चर घ्यायचं असेल तर सेटिंगमध्ये एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारी सोय) बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये काळा पडदा येतो. कन्सोलचं डेव्हलपमेंट किट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांना मिळणारं खास यंत्र, आणायचं असेल तर कन्सोल कंपनीची परवानगी डेव्हलपरने आधी घ्यायची. गुप्ततेच्या करारामुळे त्याचा फोटोसुद्धा काढता येत नाही, आणि तुमचा हौशी छायाचित्रकार तोच पहिल्यांदा काढतो.

प्रत्येक टेबलावर एक कार्ड हवं: गेमचं नाव, डेमो किती मिनिटांचा, कोणत्या वयासाठी, आणि लखलखाट असेल तर ठळक इशारा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमग झाली तर प्रकाशाने फेफरं येणाऱ्यांना धोका असतो, ही मर्यादा वेबच्या सुगम्यतेच्या नियमांतही आहे. डेमो दहा मिनिटांत आपोआप सुरुवातीला यायला हवा. कंट्रोलर आणि व्हीआर हेडसेट पुसायला ओले टिश्यू ठेवा, हेडफोन ठेवा. आणि टेबलामागे बसणाऱ्याला दर दोन तासांनी सोडवायला एक स्वयंसेवक फिरता ठेवा, नाहीतर तो दिवसभर तहानलेला राहून एकही भाषण न ऐकता घरी जातो.

वागण्याचे नियम

आचारसंहिता लिहिणं सोपं, पाळणं अवघड. कागदावर फक्त तत्त्वं नकोत. तक्रार कुणाकडे करायची, त्या दोन माणसांची नावं, फोटो आणि त्या दिवशी उचलला जाईल असा फोन नंबर हवा. दोघांपैकी एक तरी बाई असावी. कारवाई काय करायची हे आधी ठरवा: समज देणं, बॅज काढून घेणं, बाहेर काढणं. आरोपी प्रायोजक किंवा मुख्य पाहुणा असेल तर काय, यावर मंडळाने आधीच बसून बोलायचं. ज्या दिवशी प्रसंग येतो त्या दिवशी डोकं चालत नाही.

ज्यांना फोटो नको त्यांना वेगळ्या रंगाची बॅजची दोरी द्या. बॅजवर नाव दोन्ही बाजूंनी छापा, कारण बॅज हमखास उलटा फिरतो. नाव तीन पावलांवरून वाचता आलं पाहिजे, आणि तुमच्या परिषदेचा लोगो त्याहून लहान.

नव्याने आलेला माणूस गप्पांच्या घोळक्याबाहेर ताटकळत राहतो. त्यावर एरिक होल्शर यांनी सुचवलेला पॅक-मॅनचा नियम आहे: घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे वर्तुळ पॅक-मॅनच्या उघड्या तोंडासारखं दिसतं. कुणी येऊन ती भरली की पुन्हा सरकून नवी जागा करायची. गेम डेव्हलपरांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

त्या दिवशी

मंडळातल्या एकाने काहीही काम अंगावर घ्यायचं नाही. तो फक्त फिरतो. हा नियम मोडावासा वाटतो, मोडू नका. माइक बंद पडला, वक्ता वाटेत अडकला, जेवण कमी पडलं, यातलं निदान एक होणारच. राखीव वक्ता तयार ठेवा, शक्यतो मंडळातलाच.

रेकॉर्डिंगसाठी आवाज थेट मिक्सरमधून घ्या. कॅमेऱ्याच्या माइकवर खोकले आणि खुर्च्या येतात. स्लाइडचं चित्र ओबीएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेगळं टिपा. चेहरा धूसर आला तर चालतो, आवाज नाही. वक्त्याची लेखी संमती आधी, आणि प्रकाशित करण्याआधी त्याला एकदा बघू द्या. भाषणात तोंडातून निसटलेला विक्रीचा आकडा त्याला काढायचा असतो.

वेळ दाखवायला पहिल्या रांगेत एक माणूस, हातात तीन पाट्या: दहा, पाच, थांबा. प्रश्नांच्या वेळी माइक न घेता बोलणाऱ्याचा प्रश्न वक्त्याने परत उच्चारायचा, हे तालमीतच सांगून ठेवा.

नंतर

अभिप्रायाचा अर्ज दोन दिवसांत पाठवा, तीनच प्रश्न: कुणाशी ओळख झाली, कोणतं भाषण कामी आलं, काय बदलायचं. पहिल्या प्रश्नाची उत्तरं मी सगळ्यात आधी वाचतो. वक्त्यांचा खर्च आठवड्याच्या आत चुकता करा, प्रायोजकाच्या पैशांची वाट न बघता. प्रायोजकाचे पैसे येतात, पण त्यांच्या गतीने. जमाखर्च तिकीट घेतलेल्या सगळ्यांना पाठवा, तोटा झाला असेल तरीही.

मासिक भेट पुढच्या महिन्यात ठरलेल्या दिवशीच घ्या. आणि मागे राहिलेल्या वस्तूंचं खोकं तिथे घेऊन जा. त्यात दोन चार्जर, एक पाण्याची बाटली, तीन एचडीएमआय केबल आणि एक कंट्रोलर असतो. केबल कुणाच्याच नसतात.